खांबाला वळसा

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं गल्लीतले लोक म्हणत. तिच्या नवऱ्याचं म्हणणं जरा निराळं होतं. शेंडा ही भाड्याची जागा झाली, तो म्हणायचा, हिच्या रागाने अख्खं नाक केव्हाच विकत घेतलंय. हे तो तिच्या तोंडावर म्हणायचा, कारण इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की बायको ढोंगावर भडकते, थट्टेवर नाही.

दिवसा ती किल्ल्या बनवायची. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. सरळ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची, म्हणून गिऱ्हाईक बाहेर आणि ती आत स्टुलावर. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, समोर कापायचं मशीन, शेजारी कानशींचा डबा. दुकान वडिलांचं, हातही वडिलांचाच. संध्याकाळी शटर ओढलं की ती हात धुवायची, तरी पितळेचा वास जायचा नाही, आणि तसल्याच हातांनी मागच्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊन पोरांना कुंग फू शिकवायची. पोरं तिला ताई म्हणत आणि घाबरत. पालक पोरांपेक्षा जास्त घाबरत. आमच्या मुलाला काळा पट्टा कधी मिळणार, असं एका बापाने विचारलं, तेव्हा तिने त्याला कोपऱ्यावरच्या शिंप्याचं दुकान दाखवलं. तिथे लगेच शिवून मिळेल, म्हणाली, आणि मापही बरोबर घेतील.

तिचे मास्तर धान्याच्या गोदामात तोलार होते. गाड्यांवरून पोती उतरायची, काट्यावर चढायची, मास्तर वजन पुकारायचे. काम संपलं की पोत्यांच्या थप्प्यांमध्ये जी जागा उरेल तेवढ्यात ते तीन-चार पोरांना शिकवायचे. अंगात बनियन, भुवयांवर पिठाची पांढरी पूड. ती लहान असताना गोदामाचं मोठं कुलूप अडकलं म्हणून वडिलांबरोबर गेली होती. वडील कुलपाशी झटत होते आणि ही थप्पीआडून त्या पोरांचं बघून हातपाय हलवत होती. मास्तरांनी पाहिलं. कुणाची तू, नाव काय, मुलींचं इथे काय काम, असलं काही विचारलं नाही. "टाच," एवढंच म्हणाले. तिने टाच जमिनीला टेकवली. तेवढ्यावर प्रवेश झाला.

त्या पोरांतला सगळ्यात चपळ म्हणजे दादा. सख्खा नव्हे, पण तिने त्याला दादा म्हटलं आणि त्याने तिला ठिणगी. पडायचं कसं, म्हणजे हाड न मोडता पडायचं कसं, हे तिला त्यानेच शिकवलं. मास्तर फॉर्म करायला लावायचे. फॉर्म म्हणजे ठोसे, लाथा, पवित्रे यांची ठरलेली मालिका, एका दमात करायची. ते स्वतः काट्याच्या पारड्यावर लोखंडी वजन आपटून ताल द्यायचे. ठण्, ठण्, ठण्ण. दोघं शेजारी शेजारी उभे राहत आणि दादा नेहमी केसभर पुढे असायचा.

मग दादा परदेशी गेला. परत आला तो रेशमी पोशाख घालून, एका परदेशी महागुरूंच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो घेऊन. त्याने काचेच्या दारांचा हॉल काढला, पुढे शिक्षकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच्या हॉलमध्ये एका भिंतीवर गुरुपरंपरेचा फलक लागला. वर दाढीवाले, त्यांच्या खाली बिनदाढीचे, त्यांच्या खाली ते महागुरू आणि सगळ्यात शेवटी हा. गोदामाचं नाव नाही, मास्तरांचं तर नाहीच. मास्तर आजारी पडले तेव्हा तो आला नाही, गेले तेव्हाही आला नाही. हा राग तिने गिळला होता, पण गिळलेलं सगळंच पचतं असं नाही.

एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं. संघटनेचा नवा नियम आला होता. प्रत्येक शिक्षकाने समितीपुढे आपली परंपरा सांगायची. गुरू कोण, गुरूचा गुरू कोण. मग फॉर्म करून दाखवायचा, आधी सावकाश, मग पूर्ण वेगात. समितीने मान्य केलं तरच तो शिक्षक. नाहीतर पुढच्या सत्रापासून शाळेला हॉल दुसऱ्या कुणाला द्यावा लागणार होता, आणि दुसरं कुणी म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या. बोलताना त्या टेबलावरचा पेपरवेट सारखा फिरवत होत्या.

"अध्यक्ष तुमच्याबद्दल काही बोलले का, असं विचारू नका," त्या म्हणाल्या.

तिने विचारलं. मग त्यांना सांगावं लागलं. अध्यक्ष म्हणाले होते की तो माणूस गुरू नव्हता, तोलार होता, कुणाचं तरी बघून हातपाय हलवायचा. यांच्या फॉर्ममध्ये मध्येच एक लंगडं पाऊल आहे, ते आमच्या शैलीत जगात कुठेही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला शिव्या येत होत्या, चांगल्या येत होत्या, पण समोर ही भली बाई. तिने फक्त तारीख विचारून घेतली आणि बाहेर पडली.

आता ते पाऊल. फॉर्मच्या मध्यावर सलग ठोसे मारत पुढे जायचं असतं. त्यांच्या फॉर्ममध्ये मात्र तिथे डावा पाय बाहेर जायचा, अर्धगोल वळसा घ्यायचा आणि पुन्हा ओळीवर यायचा. याचा अर्थही मास्तरांनी सांगितला होता. समोर दिसतो तो खरा शत्रू नसतो, खरा त्याच्या पाठीमागे असतो, त्याला भेटायला वळून जायचं. केवढं भारी वाटलं होतं तेव्हा. हेच वाक्य ती स्वतःच्या पोरांना सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज थोडा खाली यायचा, जो एरवी कधीच यायचा नाही.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात," नवरा म्हणाला. तो तिच्या कानशी पुसून डब्यात ठेवत होता. "शोधलं की काहीतरी निघतंच."

ती म्हणाली की निघू दे, त्याच्या घशात घालायला काहीतरी हवंच आहे.

ती मास्तरांच्या घरी गेली. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दाराशीच बसल्या होत्या. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक लोखंडी वजन ठेवलेलं होतं. काकूंचे गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. परंपरा हा शब्द ऐकल्याबरोबर त्या सुरू झाल्या. तुमच्या परंपरेला रोज चहा कोण करून देत होतं? पोती वाहिल्यासारखी घाणेरडी पोरं घरात यायची, फरशी कोण पुसायचं? आणि हे गेले तेव्हा परंपरेतलं कोण कोण आलं होतं ते मला माहीत आहे, मी दारातच बसले होते. ती आली होती, पण तिने ते बोलून दाखवलं नाही. काकूंचा राग न्यायाचा होता, आणि न्यायाच्या रागापुढे ती गप्प बसायची.

रागाचा भर ओसरल्यावर काकूंनी सांगितलं. बंदराकडच्या उतारावर एक परका म्हातारा बूट शिवायचा. समुद्रापलीकडून आलेला. मास्तर तरुणपणी त्याच्याकडे गेले, तर त्याने सरळ नाही म्हटलं. मग मास्तर कामावरून सुटले की त्याच्या दुकानात जाऊन नुसते बुटांचे तळवे ठोकत बसायचे. पुष्कळ दिवस ठोकले. शेवटी म्हातारा कंटाळला आणि शिकवायला लागला.

बंदराच्या उतारावर ते दुकान अजून होतं. म्हाताऱ्याचा मुलगा आता स्वतःच म्हातारा झालेला. दुकानात चामड्याचा आणि सरसाचा वास, भिंतीला पावलांचे लाकडी साचे लटकलेले. तोलार म्हटल्याबरोबर त्याने मान वर केली. "उलट्या हाताने हातोडी धरायचा तो?" तो म्हणाला. "मास्तर डावखुरेच होते," ती म्हणाली. सापडलं होतं. बूट शिवणारा, त्याचा शिष्य तोलार, तोलाराची शिष्या किल्लीवाली. बघून हातपाय हलवायचा म्हणे. ये आता समोर, मनात म्हणाली.

बोलता बोलता म्हाताऱ्याने विचारलं की तो फॉर्म अजून कुणाला येतो का. तिने पिशवी खाली ठेवली आणि त्या बोळकांडीत, बुटांना पाय न लावता, करून दाखवायला सुरुवात केली. म्हातारा ओठांनी आकडे मोजत होता. ते पाऊल आलं आणि त्याचे ओठ थांबले.

"हे काय?"

तिने शत्रूच्या पाठीमागच्या शत्रूचं सांगितलं. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला की असं काही नाही. वडील तिथे सरळ जायचे. तो उठला, टेबलाला धरून त्याने स्वतः करून दाखवलं. गुडघे कुरकुरत होते, पण पाऊल सरळ होतं, त्यात कुठे शंकेला जागा नव्हती. तुझ्या मास्तरालाही बाबांनी असंच शिकवलं, तो म्हणाला, मी समोर बसलेलो असायचो.

ती उतार चढून वर आली ती दात खात. म्हणजे अध्यक्ष खरं बोलला होता. जगात दुसरं कुणीही खरं बोललं असतं तरी तिला चाललं असतं. पण त्याच्यावरचा राग निदान जुना होता, ओळखीचा होता. हा नवा राग मास्तरांवर होता, आणि मेलेल्या माणसावर रागवायचं कसं हे तिला येत नव्हतं. शेकडो पोरांना तिने ते लंगडं पाऊल शिकवलं होतं. आवाज खाली आणून.

रागाच्या भरात तिचे पाय गोदामाकडे वळले. आता तिथे पलंग आणि गाद्यांचं दुकान होतं. ती आत शिरली तसा एक टाय लावलेला विक्रेता मागे लागला. ताई, डबल की सिंगल? पाठीचा त्रास आहे का? ती सरळ मागे गेली. मागच्या दाराची चौकट तीच होती. काटा तिथे असायचा. त्याच्यासमोर फॉर्म सुरू करायची जागा. आता तिथे एक गुलाबी पलंग होता, त्याला वळसा घालून ती उभी राहिली आणि हात न उचलता नुसती पावलं टाकत निघाली. विक्रेता मागून येत होता. ठोशांच्या ओळीशी आली, डावा पाय उचलला आणि थांबली.

नाकासमोर खांब होता. सजावट म्हणून त्याच्या चारही बाजूंना आरसे लावले होते, पण आत तोच लोखंडी खांब, ज्याच्यावर गोदामाचं छप्पर उभं होतं. पोत्यांच्या थप्प्या त्याला टेकून लावलेल्या असायच्या, त्यामुळे डोळ्यांना तो थप्पीचाच भाग वाटायचा. सरळ जायला जागाच नव्हती. मास्तर एकटे सराव करताना खांब आला म्हणून बाजूने गेले. मागे पोरं होती, पोरं बाजूने गेली. एवढीच परंपरा.

आरशात तिला स्वतःचं लाल झालेलं तोंड दिसलं. एका मूळ किल्लीवर चुकून कानस लागली की तिच्यावरून कापलेल्या सगळ्या किल्ल्यांवर तो ओरखडा उतरतो, हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची. मूळ किल्ली घेऊन या, नकलेवरून नक्कल नको. सांगणारी स्वतःच नक्कल निघाली.

"ताई, खांब विकाऊ नाही," विक्रेता म्हणाला.

तिथून ती तडक काकूंकडे गेली आणि दारातच भांडायला उभी राहिली. मास्तर खोटं बोलले, म्हणाली. खांब होता तर खांब आहे म्हणायचं, शत्रूबित्रूच्या गोष्टी कशाला? काकूंनी तिला पूर्ण बोलू दिलं.

"सांगायचेच की हे. खांब आहे, बाजूने जा, असंच सांगायचे सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "पण तो तुझा दादा. त्याला प्रत्येक गोष्टीत अर्थ लागायचा. रोज मागे लागायचा, मास्तर, या पावलाचा अर्थ काय, या पावलाचा अर्थ काय. एक दिवस यांनी कंटाळून काहीतरी फेकून दिलं. तर तो पोरगा रडला गं. डोळ्यांत पाणी. घरी येऊन मला सांगताना हे हसून लोळले. पण मग परत खरं सांगायची लाज वाटायला लागली. तू आलीस तेव्हा ते सगळं ठरून गेलं होतं."

तिला हसू यायला हवं होतं. उलट आणखी चीड आली. म्हणजे त्या शत्रूच्या गोष्टीचा बापही दादाच. आणि आता तोच म्हणतो लंगडं.

निघताना काकूंनी दाराखालचं वजन पायाने पुढे सरकवलं. गोदाम बंद झालं तेव्हा यांनी काट्यावरून हे एकच उचलून आणलं होतं, म्हणाल्या. घेऊन जा, माझ्या पायात येतं.

घरी आल्यावर तिने ठरवलं की पाऊल सुधारायचं. समितीपुढे सरळ जाऊन दाखवायचं, मग बघू कोण लंगडं म्हणतो. ती व्हरांड्यात सराव करायला लागली. सावकाश केलं की पाय ऐकायचा. वेगात केलं की डावा पाय बाहेर. पुन्हा केलं, पुन्हा बाहेर. नवऱ्याने व्हरांड्याच्या लांबीची एक फळी आणून तिच्या ओळीच्या डाव्या बाजूला उभी करून ठेवली. तिने फळीला लाथ मारली आणि वळसा घेऊन पुढे गेली. रोज हेच. डोकं सरळ म्हणायचं, वेग आला की पाय त्या गोदामात जायचा.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," नवरा फळीचे तुकडे गोळा करत म्हणाला.

ती त्याच्यावर खेकसणार होती, पण अर्ध्यावर थांबली. काहीतरी तिच्या डोक्यात लख्ख झालं होतं. तिने त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग बऱ्याच दिवसांनी ती शांतपणे जेवली, आणि त्यामुळे नवऱ्याला फार काळजी वाटली.

समिती काचेच्या दारांच्या हॉलमध्ये बसली होती. गुळगुळीत लाकडी जमीन, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत मोकळी. टेबलामागे अध्यक्ष, एक खजिनदार, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पंचबाई. स्टीलच्या ट्रेमध्ये चहाचे कप. अध्यक्षांच्या अंगावर काळं रेशीम. त्यांनी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि तिनेही मुद्दाम अहो-जाहो करत सुरुवात केली.

तिने परंपरा सांगितली. बूट शिवणाऱ्याचा मुलगा काठी टेकत आला होता, त्याने खुर्चीवरून मान डोलावली. होय, बाबांनी त्या तोलाराला शिकवलं, माझ्यासमोर. मग तिने फॉर्म केला, आधी सावकाश, मग वेगात, वळशासकट. पंचबाईंनी त्या पावलाशी भुवया उंचावल्या.

"हेच ते," अध्यक्ष म्हणाले. "या पावलाचं स्पष्टीकरण काय?"

"स्पष्टीकरण नाही. तिथे खांब होता," ती म्हणाली. "हे पाऊल चुकीचं आहे. मूळ फॉर्ममध्ये सरळ जायचं असतं."

खजिनदार फिदीफिदी हसला. अध्यक्षांना इतकी सोपी जीत अपेक्षित नसावी. ते खुर्चीत ऐसपैस झाले. मग त्यांनी भाषणच केलं. चूक शिकवतो त्याला गुरू म्हणत नाहीत. दोन दिवस बुटांच्या दुकानात बसून कुणी परंपरेत बसत नाही. परंपरा तिच्या फळांवरून ओळखायची असते. त्या गोदामातून आजवर एक तरी नावाजलेला माणूस बाहेर पडला आहे का? असेल तर दाखवा, मी आत्ता सही करतो.

पंचबाईंनी विचारलं की अध्यक्षांचा कधी त्या गोदामाशी संबंध आला होता का, त्याच भागातले ना तुम्ही. धान्य आणायला जायचो लहानपणी, ते म्हणाले.

धान्य आणायला. तिच्या मुठी वळल्या. ज्या माणसाने रोजची कमाई सोडून याला उभं राहायला शिकवलं, त्याच्याकडे हा धान्य आणायला जायचा. तिला टेबल उलटं करावंसं वाटलं, आणि ते तिला जमलंही असतं. तिने श्वास घेतला. टाच जमिनीला टेकवली.

"मग अध्यक्षसाहेबांनीच बरोबर फॉर्म दाखवावा," ती म्हणाली. "मी शिकेन. नियमाप्रमाणे, सावकाश आणि मग वेगात."

पंचबाई म्हणाल्या, ठीक आहे की, सगळ्यांनाच फायदा. आता नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला दाखवायची हौसही होती. तो जमिनीवर उतरला. सावकाश केलं. सुंदर केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. ठोशांच्या ओळीशी त्याचं पाऊल सरळ गेलं, सुताने आखल्यासारखं. खजिनदाराने टाळी वाजवली.

"आता वेगात," ती म्हणाली. "मी ताल देते."

तिने ट्रेमधले कप उचलून टेबलावर ठेवले, पिशवीतून ते लोखंडी वजन काढलं आणि रिकाम्या ट्रेवर आपटलं. ठण्. त्याची मान झटकन वळली. त्याने वजन ओळखलं, आवाज ओळखला, आणि तेव्हा तो थांबू शकला असता. पण ती ताल सोडतच नव्हती. ठण्, ठण्, ठण्ण. त्याचे हात आपोआप वर आले. तो निघाला. पोटावरचं वय गळून पडल्यासारखा निघाला, रेशीम फडफडत होतं. ठोशांची ओळ आली. पहिला, दुसरा, आणि त्या भल्यामोठ्या मोकळ्या हॉलमध्ये, जिथे हाताच्या अंतरावर काय, हाकेच्या अंतरावरही काही नव्हतं, त्याचा डावा पाय बाहेर गेला, अर्धगोल फिरला आणि ओळीवर परत आला.

तिने वजन खाली ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "खांब लागला नाही ना?"

तो तिथेच उभा राहिला. पंचबाई आधी त्याच्या पायाकडे बघत होत्या, मग भिंतीवरच्या फलकाकडे. म्हातारा बूटवाला खुर्चीत पुढे झुकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की हाही तोलाराचाच की. त्यापुढे समितीला फारसं काम उरलं नाही. एक तरी दाखवा, असं अध्यक्षांनीच म्हटलं होतं, सगळ्यांदेखत. पंचबाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि त्याने सही केली.

ती जिन्याने उतरत होती तेव्हा तो मागून आला. तसाच, रेशमात, अनवाणी. खजिनदार वर होता म्हणून हळू आवाजात बोलला.

"ठिणगे, मास्तर माझ्याबद्दल शेवटी काही म्हणाले का?"

या प्रश्नाची तिने वाट पाहिली होती. उत्तर तिच्याजवळ कधीचं तयार होतं, धार लावून ठेवलेलं.

"जिन्यावर पाऊल वाजलं की विचारायचे, तो आला का," ती म्हणाली. "रोज. मी सांगायचे परदेशी आहे, विमान मिळत नाहीये. तू इथे होतास, दादा. बसने यायचं होतं. मी तुझ्यासाठी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले, आणि त्यांना ते कळत होतं."

तो पायरीवर बसला. तोंड हातांत धरून, रेशमाचा चोळामोळा करत. तिला वाटलं होतं की हे बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल. उतरला बितरला काही नाही. उलट त्याच्याकडे बघून तिला जास्तच संताप आला, की एवढंच करायचं होतं तर तेव्हाच का नाही केलंस. काकू दारात बसलेल्या असतात, ती म्हणाली, त्यांना जे बोलायचं आहे ते त्यांच्या तोंडून ऐक. मी ऐकलंय, आता तुझी पाळी. मग ती त्याला तिथेच सोडून खाली उतरली.

हॉल तिच्याकडेच राहिला. पुढच्या आठवड्यात तिने पोरांना ओळीत उभं करून सांगितलं की ते वळणारं पाऊल विसरा. शत्रूच्या पाठीमागे कुणी नसतं, तिथे गोदामाचा खांब होता, यापुढे सरळ जायचं. नव्या पोरांना काही वाटलं नाही. जुन्यांनी तोंडं वाकडी केली, त्यांचे पाय ऐकेनात, त्यांना तिने भरपूर ओरडून घेतलं. मग करून दाखवायला स्वतः पुढे उभी राहिली. हॉलच्या लोखंडी बाकावर कुणीतरी वजन आपटत ताल दिला, ती वेगात निघाली, आणि ठोशांच्या ओळीशी तिचा डावा पाय बाहेर गेला.

पहिल्या रांगेतली एक मुलगी, जिला अजून घाबरायला शिकायचं होतं, पटकन म्हणाली, "ताई, तुम्ही चुकलात."

आता हिचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

"हो, चुकले," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच चढा होता. "ही चूक माझ्या मास्तरांची आहे. ती मी कुणाला देणार नाही. तुम्ही सरळ जा."